शिडाच्या कॅटामरानवरून अटलांटिक: भाच्याला जाऊ द्यावं का?

डोंबिवलीचा_मामा:

नमस्कार मंडळी. इथे बोटीतलं कळणारे दोन-चार जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहितीये म्हणून विचारतोय, हसू नका.

भाचा, वय २४. मेकॅनिकल डिप्लोमा केला, मग गोव्यात सेलिंग शिकवणाऱ्या एका ठिकाणी तीन सीझन काढले, पैसे साठवून यॉटमास्टरचं सर्टिफिकेट काढलं. आता त्याला काम आलंय ते असं की केपटाऊनला कारखान्यातून नवी कोरी बाहेर पडलेली ४५ फुटी शिडाची कॅटामरान (दोन होड्या शेजारी जोडलेली बोट) चार जणांनी चालवत कॅरिबियनला नेऊन द्यायची. मला वाटलं होतं अशा बोटी मोठ्या जहाजावर चढवून पाठवत असतील, तर म्हणे बऱ्याचशा अशाच समुद्रातून चालवत नेतात, डिलिव्हरी म्हणतात त्याला. तिकीट, जेवण आणि थोडे पैसे.

पोरगा हवेत आहे. पण ताईने यूट्यूबवर कुठेतरी ऐकलं की कॅटामरान एकदा उलटली की परत सरळ होत नाही, आणि त्या दिवसापासून घरात झोप नाही. मला रोज फोन. मी बँकेतला माणूस, माझा आयुष्यातला सागरप्रवास भाऊचा धक्का ते मांडवा एवढाच, आणि त्यातही उलटी झाली होती (मला, बोटीला नाही).

तर प्रश्न:

हे उलटण्याचं खरं आहे का? दोन होड्या आणि मधे एक खोली ठेवल्यासारखी दिसते ती, मोठ्या लाटेत मधून मोडत नाही का? आपल्या नेव्हीची म्हादेई, तारिणी ह्या एकाच हलच्या (म्हणजे एकाच होडीच्या) होत्या ना, मग जगाला फेरी मारायला तशी बरी की अशी? आणि शेवटचं, भाचा म्हणतो १९८३ साली बांधलेली एक कॅटामरान सहा मालक आणि सहा नावं बदलून अजून चालतेय. मला ही फेकाफेकी वाटते. प्लास्टिकची बोट ४० वर्षं?

ताईला उत्तरं वाचून दाखवणार आहे, तेव्हा जरा जपून लिहा.


कंपोझिटवाला_पुणे:

मामा, जपून लिहितो पण खोटं लिहीत नाही. हो, खरं आहे. उलटली तर स्वतःहून सरळ होत नाही. आता पुढचं पण वाचा, ताईंना इथेच फोन करू नका.

म्हादेईसारख्या बोटीत काय असतं, तळाला खोल कील, म्हणजे खाली पाण्यात गेलेलं उभं पातं, आणि तिच्यात जड शिसं. वाऱ्याने बोट कलली की ते शिसं तिला परत खेचून उभी करतं, आपल्याकडे जत्रेत मिळायचा ना तळाला वजन असलेला बाहुला, पाडला की उठणारा, तसं. कॅटामरानला शिसं नसतंच. ती उभी राहते ती रुंदीवर. ४५ फुटी बोट साधारण २४ फूट रुंद असते, वजन धरा १४-१५ टन. एका हलच्या मध्यापासून बोटीच्या मध्यापर्यंत अंतर अडीच-पावणेतीन मीटर. म्हणजे वाऱ्याला एक हल पाण्याबाहेर उचलायचा तर साधारण ४० टन-मीटरचा जोर लावावा लागतो. हे प्रचंड आहे. तेवढ्याच लांबीच्या कीलवाल्या बोटीकडे सुरुवातीच्या दहा-पंधरा अंशात ह्याच्या आसपास पण काही नसतं, म्हणून ती कलते आणि ही सपाट राहते.

गोम पुढे आहे. कॅटामरानचा हा जोर हल पाण्यातून सुटतो त्या क्षणी सगळ्यात जास्त असतो आणि तिथून पुढे फक्त कमी होत जातो. कीलवालीचा जोर उलट बरीच कलेपर्यंत वाढत जातो. म्हणजे एक आधीच सगळं देऊन टाकते, दुसरी मागे ठेवून देते. उलटी झालेली कॅटामरान मात्र तशीच उलटी छान स्थिर राहते, आणि बुडत नाही, कारण खाली ओढायला शिसं नाही आणि हलच्या भिंतींमधे फोमचा गाभा असतो. म्हणून हलच्या बाजूला, पाण्याच्या पातळीजवळ एक खिडकी असते, एस्केप हॅच, बोट उलटी असताना बाहेर यायला. भाच्याला सांगा पहिल्या दिवशी ती कुठेय आणि कशी उघडते ते हाताने उघडून बघ.

आता मोडण्याचं. हा प्रश्न खरा चांगला आहे. डोलकाठी कुठे उभी असते बघितलंय? बरोब्बर मधे, म्हणजे जिथे खाली हलच नाही! फक्त दोन हलांना जोडणारा पूल, ब्रिजडेक. आणि डोलकाठी तारांनी ताणलेली असते, त्यामुळे ती कित्येक टनांनी खाली दाबत असते. पुढच्या शिडाची तार तर पुढच्या आडव्या बीमच्या मधोमध वर खेचते, तिथे पण खाली हल नाही, म्हणून त्या बीमवर उलट्या व्हीसारखा एक तुकडा आणि तार असते, सीगल स्ट्रायकर म्हणतात, तो नसेल तर बीम धनुष्यासारखा वर वाकेल. त्यात तिरक्या लाटेत डावा हल चढावर आणि उजवा उतारावर, म्हणजे ओला टॉवेल पिळतात तसं सगळी बोट पिळली जाते. ह्या सगळ्यासाठी मधे जाड बल्कहेड, म्हणजे आडव्या भिंती, असतात आणि डिझाइनरचं अर्धं डोकं तिथेच खर्च होतं. डोलकाठी बोटीबरोबर कलून जोर सोडून देत नाही, त्यामुळे तारांवरचा ताण पण कीलवालीपेक्षा जास्त.

आणि मोडल्यात पण, लपवण्यात अर्थ नाही. पीट गॉस ह्या इंग्लिश खलाशाची टीम फिलिप्स ही कॅटामरान, १२० फुटी, दोन डोलकाठ्यांची, लाटा कापत जाणारी. मार्च २००० मधे ट्रायललाच एका हलचं नाक तुटून गेलं, दुरुस्त केली आणि त्याच डिसेंबरात वादळात अटलांटिकमधे सोडून द्यावी लागली, सगळी माणसं वाचली. पण ती प्रयोगाची रेसबोट होती, भाच्याची बोट म्हणजे त्यामानाने लग्नाची बस.


मालवणचो_झील:

अवांतर पण राहवत नाही. कॅटामरान हा शब्द आपल्याच देशातला, तमिळ कट्टुमरम, कट्टु म्हणजे बांधणं आणि मरम म्हणजे लाकूड. पण गंमत म्हणजे ते कट्टुमरम दोन हलवालं नाहीच, तीन-चार ओंडके एकमेकांना बांधलेला तराफा आहे तो. दोन होड्या जोडून महासागर ओलांडले ते पॅसिफिक बेटांवरच्या पॉलिनेशियन लोकांनी, नाव मात्र कोरोमंडलच्या कोळ्यांचं लागलं.

आमच्याकडे उलांडीची होडी असते, एका बाजूला लाकडाचा तरंगता दांडा बांधलेला. आजोबा त्याच्यावर रापणीला जायचे. तत्त्व तेच, रुंदीवर उभं राहायचं. आजोबा सांगायचे की उलांडी वाऱ्याकडच्या बाजूला पाण्यातून उचलायला लागली की शीड सैल सोड, विचार नंतर कर.

आणि मोडण्याबद्दल, पॉलिनेशियन लोकांनी बीम खिळ्यांनी ठोकलेच नाहीत, दोरीने बांधले. लाट आली की सांधा थोडा हलतो आणि परत बसतो. १९७५ साली हवाईत होकुलेआ नावाची तशीच बोट बांधली, साठ-एक फुटांची, आणि ७६ ला माउ पियाइलुग नावाच्या मायक्रोनेशियन नावाड्याने ती हवाईहून ताहितीला नेली, होकायंत्र नाही, नकाशा नाही, तारे आणि लाटांची दिशा बघून. अजून चालतेय ती. त्याच्याही आधी १९५५-५६ मधे जेम्स व्हॅरम नावाच्या इंग्लिश माणसाने साडेतेवीस फुटी कॅटामरान घरी बांधून दोन मैत्रिणींबरोबर अटलांटिक ओलांडला. साडेतेवीस फूट म्हणजे आमच्या बंदरातल्या होडीएवढी. मामा, तुमच्या भाच्याकडे ४५ फूट आहेत.


तीनदा_सेंट_हेलेना:

मी हा रूट तीनदा केलाय, दोनदा कॅटामरान, एकदा मोनोहल (एकाच हलची, कीलवाली). म्हणून लिहितो.

पोरगा जातोय तो रस्ता चांगला आहे. केपटाऊनमधून निघताना पहिले चार-पाच दिवस वाईट, थंडी, मोठी लाट, आग्नेयेचा वारा सोसाट्याने, सगळे ओकतात, स्किपर पण. मग ट्रेड विंड लागतात, म्हणजे कायम एकाच दिशेने वाहणारे वारे, वारा पाठीवर, पाणी निळं, कपडे कमी. १७०० मैलांवर सेंट हेलेना, नेपोलियनवालं, तिथे एक थांबा, भाजी-पाणी. मग पुढे वर विषुववृत्ताकडे. तिकडे बहुतेक वेळ मागून किंवा बाजूने वारा असतो आणि कॅटामरान त्यातच खुलते.

राहण्याबद्दल सांगतो. मोनोहलवर तीन आठवडे तुम्ही तिरपे जगता, तिरपे झोपता, तिरपा भात खाता. कॅटामरानवर टेबलावर ग्लास ठेवला तर राहतो. पण शांत वाटते असं समजू नका, हिची हालचाल झटक्याची असते, एक हल वर एक खाली, आणि मधल्या पुलाच्या खाली लाट अडकून आपटते ना तो आवाज म्हणजे खालून कोणीतरी घणाने मारतंय. स्लॅमिंग म्हणतात. पहिल्या रात्री मी उठून बसलो होतो की आपण कशावर तरी आपटलो. पूल पाण्यापासून जितका उंच तितकं हे कमी, आणि बोट जितकी सामानाने भरलेली तितकी ती खाली बसते आणि हे जास्त. पुढे दोन हलांच्या मधे डेक नसून जाळी असते ती पण त्याचसाठी, पाणी आलं की गळून जावं, नाकावर वजन राहू नये. भाच्याला त्या जाळीवर दुपारी झोपायला मिळेल, रात्री तिथे पाऊल टाकायचं नाही.

आता ताईंसाठी मुद्द्याचं. ह्या बोटी उलटतात त्या बहुतेक लाटेने नाही, जास्त शीड लावून ठेवल्याने. दुसऱ्या ट्रिपला, डोलड्रम्सच्या (विषुववृत्ताजवळचा पडेल वाऱ्याचा पट्टा) तोंडाशी, रात्री दोनचा वॉच, म्हणजे पहारा, माझा होता. वारा २२ नॉट (ताशी सागरी मैल), पूर्ण मेनसेल, म्हणजे मोठं मुख्य शीड, वर, कारण आधीच्या वॉचवाल्याने म्हटलं मस्त चाललीये, कशाला कमी करायचं. मी चहा केला. मागे काळा ढग आलेला कळलाच नाही कारण चंद्र नव्हता. पाच मिनिटांत वारा ३८. बोटीचा वेग नऊवरून सतरा. आणि माझा चहाचा मग टेबलावर जागचा हलला नव्हता! हेच सांगायचंय. मोनोहल असती तर केव्हाच आडवी झाली असती, भांडी पडली असती, खाली झोपलेले तिघे शिव्या देत वर आले असते आणि शीड आपोआप कमी झालं असतं. कॅटामरान सांगत नाही. ती फक्त जोरात पळते आणि तुम्हाला वाटतं वा. मी ऑटोपायलटवर हात ठेवून तिला वाऱ्याच्या पुढे पळवत ठेवली, वळवली नाही, ओरडून स्किपरला उठवलं, आणि पुढचं शीड गुंडाळलं. मेन मात्र वारा उतरेपर्यंत तसंच. वीस मिनिटं. नाक दोनदा पाण्यात घुसलं. दुसऱ्यांदा पुढची जाळी दिसेनाशी झाली होती.

त्यानंतर मी आकड्यांनीच शीड कमी करतो, अंगाला काय वाटतं त्याने नाही. २० नॉटला पहिली रीफ (म्हणजे शीड एक टप्पा खाली घेऊन लहान करायचं), २५ ला दुसरी, आणि सूर्य मावळला की एक रीफ उगाचच. वाऱ्याचा जोर वर्गाने वाढतो, २० चा २८ झाला की जोर दुप्पट, तो २८ चेहऱ्यावर काही दुप्पट वाटत नाही. त्यात वारा मागून असताना तुम्ही १० ने पळताय म्हणून २५ चा वारा १५ वाटतो. म्हणून आकडा बघायचा, आणि खरा वारा बघायचा, वाटणारा नाही.

म्हणजे मामा, बोट कुठली हे विचारण्यापेक्षा स्किपर रात्री शीड कधी कमी करतो हे भाच्याला विचारायला सांगा, मुलाखतीतच.


डोंबिवलीचा_मामा:

बाप रे. चहाच्या मगवाला भाग ताईला वाचून दाखवला नाही, म्हणजे दाखवला पण ३८ ला २८ म्हटलं, क्षमस्व.

सगळ्यांचे आभार. भाच्याला फोन केला, म्हणाला मामा तुम्हाला हे कोणी शिकवलं. स्किपरचं विचारून सांगतो म्हणाला. पण १९८३ च्या बोटीचं कोणीच बोललं नाही, ती फेकच ना? माझी शंभर रुपयांची पैज आहे त्याच्याशी.


नादखुळा_रंकाळा:

मामा शंभर रुपये काढा.

आधी कबूल करतो, कोल्हापूरचा माणूस, रंकाळ्यात पॅडलबोट सोडून काही चालवलेलं नाही, पण ह्या एका बोटीचा मला वीस वर्षं नाद आहे आणि ती विचारणारा माणूस आज पहिल्यांदा भेटतोय, तेव्हा लांबलं तर लांबलं.

नाव तिचं पहिलं फॉर्म्युल टॅग. डिझाइन नायजेल आयरन्स ह्या इंग्लिश माणसाचं, बांधली कॅनडात, १९८३ ला पाण्यात, ८० फूट, स्किपर माइक बर्च. त्या काळात एवढी मोठी बोट विमानात वापरतात तसल्या कंपोझिटमधे म्हणजे केव्हलार-बिव्हलारमधे करणं हा वेडेपणा होता. १९८४ ला तिने २४ तासांत ५१२ मैल मारले, शिडाच्या बोटीने दिवसात ५०० च्या वर जाण्याची ती पहिली वेळ.

मग १९९० च्या सुमारास फ्रेंच लोकांनी डोकं लावलं की शिडाने ८० दिवसांच्या आत जगाला फेरी मारून दाखवा, ज्यूल व्हर्न ट्रॉफी. आपली ही बोट न्यूझीलंडच्या पीटर ब्लेकने आणि रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने घेतली, नाव एन्झा न्यूझीलंड, एन्झा म्हणजे तिकडच्या सफरचंदांचा ब्रँड. १९९३ ला निघाले, दक्षिण हिंदी महासागरात कशावर तरी आपटून हल फुटला, केपटाऊनला परत. त्याच वर्षी ब्रुनो पेरॉनने कमोडोर एक्स्प्लोररवर ७९ दिवस ६ तासांत फेरी पूर्ण केली, ती पण कॅटामरानच. १९९४ ला एन्झा परत निघाली, आता वाढवून ९२ फूट केलेली, आणि ७४ दिवस २२ तासांत पोचली.

ह्यातला नॉक्स-जॉन्स्टन कोण माहितीये का? १९६८-६९ ला एकट्याने न थांबता जगाला फेरी मारणारा पहिला माणूस, आणि त्याची ती सुहेली ही बोट बांधलेली कुठे तर मुंबईत! सागवानाची, ३२ फुटी. तिला ३१२ दिवस लागले होते, सरासरी चार नॉटच्या आसपास. तोच माणूस पंचवीस वर्षांनी तोच ग्लोब पंचाहत्तर दिवसांत फिरला. अर्थात पहिल्यांदा एकटा होता आणि दुसऱ्यांदा आठ जण होते, पण तरी. साध्या हलच्या बोटीला पाणी बाजूला सारताना स्वतःच उठवलेली लाट आडवी येते, लांबीच्या हिशोबात तिचा एक वेग ठरून जातो, सुहेलीला सातच्या पुढे जाणं कठीण. कॅटामरानचे हल लांब आणि अरुंद, लाट उठतच नाही फारशी, त्यामुळे तो अडसर जवळजवळ नाहीच. (जास्त खरं कंपोझिटवाले सांगतील.)

आणि तीनदा_सेंट_हेलेना यांनी नाक घुसल्याचं लिहिलंय ना, एन्झाला शेवटच्या टप्प्यात इंग्लंडच्या तोंडाशी वादळ लागलं. रेकॉर्ड हातात, रेषा समोर, आणि बोट इतकी पळायला लागली की नाक लाटेत रुतून पुढच्या पुढे कोलांटी खाईल अशी भीती. तर जगातली सगळ्यात जलद बोट आणायला निघालेल्या लोकांनी काय केलं, तर जाड दोर, साखळ्या सगळं मागे पाण्यात सोडलं, वेग कमी करायला. ब्रेक लावत रेकॉर्ड मोडला. फोटो आहे त्याचा, मी मोबाइलचा वॉलपेपर ठेवला होता दोन वर्षं.

पुढे १९९८ ला ट्रेसी एडवर्ड्सने अकरा बायकांचा क्रू घेऊन हीच बोट नेली, रॉयल अँड सनअलायन्स नावाने. त्रेचाळीसाव्या दिवशी दक्षिण पॅसिफिकमधे डोलकाठी कोसळली, हल शाबूत, उरलेल्या तुकड्यांचं जुगाडी शीड करून चिलीला पोचल्या. मग टीम लेगॅटो नावाने टोनी बुलिमोर हिला २००० च्या ३१ डिसेंबरला बार्सिलोनाहून निघालेल्या द रेस ह्या जगफेरीच्या शर्यतीत घेऊन गेला. पहिली क्लब मेड ६२ दिवसांत आली, ही म्हातारी १०४ दिवसांत, पाचवी, पण आली. चौथी आलेली पोलिश बोट कोण होती सांगू? जुनी कमोडोर एक्स्प्लोरर. दोन म्हाताऱ्या पाठोपाठ.

आता ताईंसाठी टोनी बुलिमोरची गोष्ट, जपून. १९९७ च्या जानेवारीत हा माणूस दक्षिण महासागरात एकटा, कीलवाल्या बोटीत. कील तुटली, बोट उलटी झाली. चार दिवस उलट्या बोटीच्या आत, अंधारात, गार पाण्यात, शेवटी ऑस्ट्रेलियन नेव्हीने काढला. म्हणजे सरळ होणारी बोट पण कील आहे तोवरच सरळ होते. आणि हाच माणूस चार वर्षांत कॅटामरान घेऊन परत त्याच समुद्रात! त्यानेच २००५ ला दोहाहून निघालेल्या रेसमधे पण हिला नेलं, तेव्हा नाव डेडलस.

शेवटचं नाव सगळ्यात भारी. शर्यतीतून निवृत्त झाल्यावर फ्रेंच लोकांनी घेतली, डोलकाठी काढली, पाठीवर सोलर पॅनेल बसवले, समुद्राच्या पाण्यातून हायड्रोजन काढून त्यावर चालणारी बोट केली, एनर्जी ऑब्झर्व्हर. २०१७ ला साँ-मालोला पाण्यात उतरवली. त्याच गावाकडे १९८४ ला क्वेबेकहून शर्यत लावली होती तिने. नंतर वर दोन उभे पंख बसवले, म्हणजे बाई परत वाऱ्यावर आल्या. हल मात्र मूळचे तेच ८३ चे.

शंभर रुपये भाच्याला द्या, मला नको.


कंपोझिटवाला_पुणे:

नादखुळा, __/\__. हल शाबूत राहण्याचं कारण एवढंच की फायबर गंजत नाही आणि लाकडासारखं कुजत नाही. आयुष्य खातात ते तारा, पुली, इंजिन, वायरिंग, शिडं, हे सगळं दहा-पंधरा वर्षांत बदलायचंच असतं. हलमधे बघायचं ते गाभ्यात पाणी शिरलंय का. डेकवर कोणीतरी हौसेने भोक पाडून स्क्रू मारतो, सील नीट करत नाही, दहा वर्षांनी तिथे पाय ठेवला की पापड मोडल्यासारखा आवाज. हातोडीच्या दांड्याने ठोकत जायचं, घट्ट ठिकाणी टणटण, ओल्या ठिकाणी थपथप. जुनी बोट घेणारे अख्खा दिवस असं ठोकत फिरतात, बघणाऱ्याला वाटतं वेडा आहे.

आणि लाटेचा अडसर तुम्ही बरोबर सांगितलात, एकच भर, हल अरुंद ठेवायचा तर बोट हलकी पाहिजे. तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत, ऐसपैस खोल्या, कमी वजन आणि कमी किंमत. भाड्याने द्यायच्या बोटी पहिली आणि तिसरी घेतात. म्हणून त्या ढोल्या असतात आणि उलटत पण नाहीत सहसा.


मालवणचो_झील:

म्हादेईचं उत्तर राहिलंच. मामा, म्हादेई, तारिणी दोन्ही दिवाडी बेटावर बांधलेल्या, ५६ फुटी. दिलीप दोंदे २००९-१० ला म्हादेईवरून एकट्याने फिरून आले, मग अभिलाष टॉमी न थांबता. एकट्या माणसाने दक्षिण महासागरातून जायचं तर झोपेत वादळ लागलं तरी परत उभी राहणारी बोट बरी, म्हणून कील. पण उभी राहते म्हणजे आतल्या माणसाला काही होत नाही असं नाही. २०१८ ला टॉमींची थुरिया, सुहेलीचीच प्रतिकृती, गोव्यातच बांधलेली, दक्षिण हिंदी महासागरात गडगडली. बोट सरळ झाली. डोलकाठी गेली आणि त्यांची पाठ मोडली. तीन दिवस पडून होते, मग फ्रेंच बोटीने उचललं.

तुमचा भाचा चार जणांत, ट्रेड विंडच्या रस्त्याने. तिकडे कॅटामरानच बरी, जेवण तरी सरळ बसून.


डोंबिवलीचा_मामा:

अपडेट. भाच्याने स्किपरला व्हिडिओ कॉलवर विचारलं की रात्री शीड कधी कमी करतोस. तो म्हणाला अंधार पडायच्या आधी, काही असो, आणि तुझा हात दुखत असेल तर दिवसा पण. पुढे हसला म्हणे. ताईला हे सांगितलं तर म्हणाली हा माणूस लग्न झालेला दिसतोय. तर जवळजवळ हो आहे.

शंभर रुपये दिले.

आता एकच अडचण. स्किपरने सामान १५ किलोच्या वर आणू नको सांगितलंय, वजनाचं वर लिहिलंय तेच कारण. आणि ताईने तीन किलो डिंकाचे लाडू करायला घेतलेत. १५ टनाच्या बोटीला तीन किलोने फरक पडतो का हो? प्रामाणिकपणे सांगा.


तीनदा_सेंट_हेलेना:

नाही पडत. पण प्रत्येक जण असंच म्हणतो आणि शेवटी अर्धा टन जास्त निघतो. कपडे कमी करायला सांगा, तसेही दहा दिवसांनी कोणी घालत नाही. लाडू नेऊ द्या, रात्री दोनच्या वॉचला लागतात.

फक्त स्टीलच्या डब्यात देऊ नका. रात्रभर खडखडतो तो, आणि वॉचवरून उतरलेला माणूस झोपला नाही तर डबा लाडवांसकट समुद्रात जातो. माझा गेलाय.